काळ्या मातीची लाट

"चपला हातात घ्या जी ताई. हे माती चप्पल सोडत नाही."

गिरडच्या बाहेर, वावराकडे जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी काकांनी मला थांबवलं. श्रावण अर्धा सरला होता. रात्री पाऊस पडून गेलेला, सकाळी उघडीप, दोन्ही धुऱ्यांवर गवत कमरेपर्यंत. पांदण वरून सुकल्यासारखी दिसत होती. मी चपला काढल्या, चार पावलं नीट गेले आणि पाचव्याला पाय सटकला. काकांनी दंड धरला म्हणून सावरले. मागे पाहिलं तर माझ्या टाचेनं हातभर लांब, काळीभोर, चकाकती रेघ ओढली होती. आवाज असा काही झालाच नव्हता.

"उन्हाळ्यात दगड, पावसाळ्यात लोनी," काका म्हणाले. "दगड सरकला तर आवाज करते. हे माती काही सांगत नाही. पाय गेला का गेलाच."

मी गिरडला आले होते आईचा नवस फेडायला. पण पिशवीत संपादकांचं पत्रही होतं. यंदाच्या अंकाचा विषय 'पायाखालची जमीन', आणि माझ्या वाट्याला आलेला प्रश्न असा: समुद्रतळाशी झालेल्या काही भूकंपांत धक्का बेताचा असतो, तरी त्यांच्यामागून येणारी लाट कल्पनेपलीकडची असते. असं का होतं? गिरडपासून कुठलाही समुद्रकिनारा पाचशे किलोमीटरहून दूर. तालुक्याचं नाव मात्र समुद्रपूर. ते नाव एसटीच्या पाटीवर वाचतानाही मला प्रश्न आणि गाव यांची काही सांगड दिसली नव्हती. ती त्या पांदणीत, पाय घसरल्यावर दिसली. कारण काकांनी त्यांच्या मातीबद्दल जे सांगितलं, ते शोधायला जपानचं एक जहाज सात किलोमीटर खोल पाण्यावर उभं राहिलं होतं.

बंजाऱ्यांचे नारळ

गिरडची टेकडी लांबूनच दिसते. वर शेख फरीद बाबांचा दर्गा. नवस बोलायला आणि फेडायला इथे येणाऱ्यांत हिंदू-मुसलमान असा भेद कधीच नव्हता. माझी आजी यायची, आई येते, आता मी आले. टेकडीवर पायाखाली गोल गोल दगड सापडतात. काही सुपारीएवढे, काही त्याहून बरेच मोठे. फोडले तर आत पांढरट, चमकदार स्फटिक. त्यांची गोष्ट सगळ्या वऱ्हाड-नागपुरात ठाऊक आहे. दोन बंजारे व्यापारी माल लादून इथून चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली, आणि बाबांनी त्यांचे नारळ आणि सगळा माल दगड करून टाकला. इंग्रजांच्या गॅझेटियरनंही ही कथा नोंदवून ठेवली आहे.

भूशास्त्र या दगडांना झिओलाइट म्हणतं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर पसरत होते. थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांतून पुढे खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि पोकळ्या स्फटिकांनी भरत गेल्या. मग ऊन-पावसात भोवतालचा काळा खडक कुजला, या गाठी तेवढ्या उरल्या. पोतं सडून जावं आणि आतला माल जमिनीवर सांडावा तसं झालं. बंजाऱ्यांच्या मालाची गोष्ट ज्यानं पहिल्यांदा सांगितली त्याची नजर चांगली असली पाहिजे. दगड सांडल्यासारखे दिसतात हे त्यानं बरोबर टिपलं होतं.

पण माझं लक्ष सांडलेल्या मालाकडे नव्हतं, सडलेल्या पोत्याकडे होतं. तो कुजलेला खडक म्हणजेच खालची काळी कापसाची जमीन. तिच्यात स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीच्या खनिजांचं प्रमाण मोठं असतं. स्मेक्टाइटचा कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्र्यांची चवड. पाऊस आला की पाणी पापुद्र्यांच्या मधे शिरतं आणि चवड फुगते. म्हणून पावसाळ्यात ही जमीन फुलते, आणि एप्रिलमध्ये तिला अशा भेगा पडतात की त्यांत हात जातो. पाणी मधे बसलं की एक पापुद्रा दुसऱ्यावरून सहज सरकतो. माझ्या टाचेखाली तेच झालं होतं.

कमी हललं, जास्त बुडालं

आपल्याकडे भूकंप म्हटलं की किल्लारी आठवते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरलेली. ६.२ तीव्रतेचा धक्का, थेट गावांखाली, आणि दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. मराठी माणसाच्या मनात तेव्हापासून एक हिशोब पक्का बसला आहे: हादरा जेवढा जोराचा, तेवढं संकट मोठं. जमिनीवर हा हिशोब बहुतेक वेळा खरा ठरतो. समुद्रकाठी तोच जीव घेतो.

जपानच्या ईशान्येला सान्रिकूचा किनारा आहे. १५ जून १८९६ ची संध्याकाळ. जुन्या पंचांगाप्रमाणे मुलांच्या सणाचा दिवस, घरोघर जेवणाची गडबड. साडेसातच्या सुमारास जमीन हलली, पण हलकेच, आणि बराच वेळ. त्या किनाऱ्यावर असे हादरे नेहमीचे. कुणी उठलंही नाही. अर्ध्या-पाऊण तासात समुद्र आत आला. काही ठिकाणी पाणी ३८ मीटर उंचीपर्यंत चढलं, म्हणजे बारा मजली इमारतीएवढं. सुमारे २२ हजार माणसं गेली. मासेमारीला दूर गेलेल्या होड्यांखालून ती लाट निघून गेली तेव्हा होडीवाल्यांना ती जाणवलीसुद्धा नाही. ते परतले तेव्हा बंदरात घरांची लाकडं आणि प्रेतं तरंगत होती. 'त्सुनामी' या जपानी शब्दाचा अर्थच बंदरातली लाट; बाहेर न दिसणारी आणि बंदरात पोचल्यावर उभी राहणारी.

१९४६ च्या १ एप्रिलला अलास्काच्या अल्यूशियन बेटांजवळ असंच झालं. भूकंपाच्या मानानं लाट कितीतरी मोठी. उनिमाक बेटावरचं काँक्रीटचं दीपगृह आतल्या पाच माणसांसकट पुसलं गेलं, आणि काही तासांनी हवाई बेटांवर दीडशेहून अधिक लोक बुडाले. हे दोन्ही भूकंप शेजारी ठेवून हिरू कानामोरी या जपानी शास्त्रज्ञानं १९७२ मध्ये सांगितलं की हा भूकंपांचा एक वेगळाच प्रकार आहे. त्यानं त्यांना 'त्सुनामी-भूकंप' असं नाव दिलं.

पुढे हा प्रकार पुन्हा पुन्हा समोर आला. निकाराग्वात २ सप्टेंबर १९९२ ला किनाऱ्यावरच्या पुष्कळ लोकांना धक्का कळलाही नाही, आणि लाट आली. आधुनिक यंत्रांनी नीट टिपलेला हा पहिला त्सुनामी-भूकंप. जावाच्या पांगांदारान किनाऱ्यावर १७ जुलै २००६ ला सहाशेहून अधिक लोक गेले. सगळ्यात जास्त मला खुपते ती सुमात्राजवळच्या मेंतावाई बेटांची हकिकत. तिथल्या लोकांनी २००७ मध्ये जोरदार हादरे सोसले होते, आणि त्यांच्यामागून मोठी लाट आली नव्हती. २५ ऑक्टोबर २०१० च्या रात्री हादरा आला तो त्या मानानं मऊ, झुलवल्यासारखा. लोकांनी स्वतःच्या अनुभवावर विश्वास ठेवला आणि ते घरातच थांबले. काही मिनिटांत लाट आली. चारशेहून अधिक मेले. ही माणसं बेसावध नव्हती. अनुभवातून शिकलेली होती, आणि त्या अनुभवानंच त्यांना दगा दिला.

तुराटी आणि ओली फांदी

काकांच्या वावरात पऱ्हाटीच्या ओळींमधे तुरीच्या ओळी होत्या. बांधावर गेल्या हंगामातल्या तुराट्यांचा भारा पडलेला. मी त्यातली एक वाळकी काडी घेऊन मोडली. कट् असा आवाज झाला, बोटांना झिणझिण्या आल्या. मग बाभळीची ओली डहाळी वाकवली. ती मोडेना. पिळवटत, तंतू तुटत, हळूहळू फाटली. आवाज जवळजवळ नाही, पण दोन टोकं एकमेकांपासून कितीतरी दूर गेली. भूकंपाचेही असेच दोन स्वभाव असतात.

समुद्रतळाशी पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली शिरत असतो. शिरतो तिथे खोल खंदक तयार होतो. खालच्या तुकड्यावर लाखो वर्षांचा गाळ साचलेला असतो आणि वरच्या तुकड्याची कड तो खरवडत जाते. वखर चालवताना पासेपुढे माती गोळा होत जाते, तसाच. ही गोळा झालेली माती पाणी धरून असते, मऊ असते. खंदकापासून आत आणि खोल गेलं की कठीण खडकाला खडक भिडतो. खंदकाच्या तोंडाशी मात्र गाळाला गाळ.

आत खोलवर खडक तुटला तर तुराटी मोडते. तडा सेकंदाला अडीच-तीन किलोमीटर वेगानं धावतो, घरं गदगदा हलतात. खंदकाच्या तोंडाशी मऊ गाळातून तडा गेला तर तो त्याच्या निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेगानं जातो. अशा सावकाश फाटण्यातून निघणाऱ्या लहरी लांबट, संथ असतात. घराच्या भिंतींना ज्या वेगवान लहरी खिळखिळ्या करतात त्याच यात कमी पडतात. जुनी यंत्रंही वीस सेकंदांच्या आसपासच्या लहरींवरून भूकंपाचं माप काढत. त्यापेक्षा संथ असलेलं त्यांच्या मापातून निसटत असे. निकाराग्वाच्या भूकंपाचं माप त्या जुन्या पद्धतीनं ७.२ येत होतं. सगळ्या लांबट लहरी धरून मोजल्यावर ते ७.६ च्या वर गेलं. आकडा थोडाच वाढलेला दिसतो, पण या मापात ०.४ वाढलं की ऊर्जा जवळपास चौपट होते.

आणखी एक हिशोब आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भूकंपाचा आकार तीन गोष्टींच्या गुणाकारातून येतो: किती जागा फाटली, ती किती सरकली आणि तिथला खडक किती कडक होता. समजा दोन भूकंपांचा आकार सारखाच निघाला आणि दोन्हीकडे फाटलेली जागाही सारखीच. एकीकडे खडक कडक, दुसरीकडे गाळ, त्याचा कडकपणा चौथाई. मग गुणाकार जुळण्यासाठी गाळाची बाजू चौपट सरकलेली असली पाहिजे. भूकंपमापकाच्या कागदावर दोघे भाऊ-भाऊ दिसतात. पण वरचं पाणी कागद पाहत नाही. तळ किती उचलला तेवढंच त्याला कळतं.

त्यातून हा तळ असतो सगळ्यात खोल जागी. सहा-सात किलोमीटर उंचीचा पाण्याचा खांब एकदम वर ढकलला जातो. खंदकाच्या उतारावरचा तळ आडवा सरकला तरी उताराची भिंत पाण्याला रेटते. कधी मुख्य तड्याला फाटे फुटतात आणि ते जवळजवळ उभे वर येतात. कधी हादऱ्यानं समुद्राखालची दरड कोसळते. पापुआ न्यू गिनीत १७ जुलै १९९८ ला भूकंप ७ तीव्रतेचाच होता, पण पाण्याखाली दरड घसरली आणि सिस्सानो खाजणाकाठी दोन हजारांवर माणसं गेली.

खोल पाण्यात ही लाट उंच नसते. ४ किलोमीटर खोल पाण्यात ती ताशी सातशे किलोमीटरनं जाते, विमानाच्या वेगानं, आणि शेकडो किलोमीटर पसरलेली असल्यानं तिची चढण कुणाला जाणवत नाही. पाणी उथळ होत गेलं की पुढचा भाग मंदावतो, मागचा वेगात येतच राहतो, आणि पाणी वर चढायला लागतं. दहा मीटर खोलीवर तिचा वेग ताशी पस्तीस किलोमीटरच्या आसपास उरतो. तोही धावणाऱ्या माणसाला पुरून उरणारा.

सात किलोमीटर पाण्याखालचा चिखल

११ मार्च २०११ ला जपानमध्ये जो भूकंप झाला तो सौम्य मुळीच नव्हता. तीव्रता ९, जवळपास सहा मिनिटं जमीन हलवत राहिलेला. तरी त्याची लाट अपेक्षेबाहेर गेली. जपानच्या हवामान संस्थेनं पहिल्या तीन मिनिटांत इशारा दिला, पण तेव्हा माप ७.९ आलं होतं. त्यावरून सांगितलं: मियागीला ६ मीटर, इवाते आणि फुकुशिमाला ३ मीटर. अर्ध्या तासाच्या आत इशारा वाढवला गेला, पण तोवर वीज आणि संपर्क तुटलेले. काही ठिकाणी पाणी ४० मीटरपर्यंत चढलं. तीन मीटर ऐकून किती जणांनी भिंतीआड थांबायचं ठरवलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

नंतरच्या मोजणीत दिसलं की खंदकाच्या तोंडाशी समुद्रतळ तब्बल ५० मीटर सरकला होता. हे पाठ्यपुस्तकाच्या विरुद्ध होतं. तोवर समजूत अशी की खंदकाच्या तोंडाशी मऊ चिकणमाती असते, ती ताण धरून ठेवत नाही, वर्षभर गुपचूप थोडी थोडी सरकत राहते. आतून येणारा तडा तिथे पोचला की त्या मऊ मातीत विरून जाईल, असं धरलं जात होतं.

मग २०१२ च्या उन्हाळ्यात 'चिक्यू' नावाचं जहाज तिथे गेलं. जवळपास ७ किलोमीटर पाणी, त्याखाली समुद्रतळात आणखी साडेआठशे मीटर छिद्र. तडा गेला ती जागा तळाखाली सुमारे ८२० मीटरवर सापडली. कवचाच्या दोन तुकड्यांमधली ती सीमा होती पाच मीटरहूनही पातळ मातीचा पट्टा. आणि ती माती बहुतांशी स्मेक्टाइट होती.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ओळ दोनदा वाचली. गिरडच्या पांदणीतली माती काळा बेसाल्ट खडक कुजून झालेली, तिथली खोल समुद्रात युगानुयुगं साचलेली. जन्म वेगळा, पण कूळ एकच.

त्या छिद्रात शास्त्रज्ञांनी तापमापकांची माळ सोडून ठेवली आणि ती पुढच्या वर्षी वर काढली. हातावर हात घासला तर ऊब येते, तसं ५० मीटर घासलं गेल्याची ऊब तिथे उरली असणार. ती सापडली, पण अवघी ०.३१ अंश सेल्सिअस. एवढ्या प्रचंड घसरणीला एवढी कमी ऊब, याचा अर्थ घर्षण जवळजवळ नव्हतंच. सांगायचं तर साधा दगड दगडावरून ओढायला त्याच्या वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त जोर लागतो. त्या मातीवरून आठ टक्के पुरले असते. शिवाय घसरताना आतलं पाणी तापून फुगतं, त्याला बाहेर जायला वाट नसते, आणि ते वरच्या थराला आणखी उचलून धरतं. म्हणजे ती माती तडा थोपवणारी नव्हती. आतून धक्का मिळाला की तिनंच वाट करून दिली.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते बांधावर बसून तंबाखू मळत होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमाले माहीत असते ना. उभी बंडी राह्यते. बैलानं एक ओढ दिली का मंग थांबतच नाही, बैलालेच घेऊन जाते."

दांडा, वर्सोवा, हाजी अली

अरबी समुद्राला त्सुनामी नवी आहे, असं अनेकांना वाटतं. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेनं तमिळनाडू, अंदमान-निकोबार उद्ध्वस्त केले, म्हणून तो धोका बंगालच्या उपसागराचा, अशी आपली वाटणी झाली आहे. पण मुंबईनं अशी लाट त्याआधी एकोणसाठ वर्षं पाहिली होती.

२८ नोव्हेंबर १९४५, पहाटेचे साडेतीन. बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ समुद्राखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. पसनी आणि ओर्मारा या गावांनी धक्का सोसला. पण पसनीला सगळ्यात मोठं पाणी धक्क्याबरोबर आलं नाही. ते दीड-दोन तासांनी आलं. तोवर घाबरून बाहेर पडलेल्या माणसांना धोका टळला असं वाटणं किती स्वाभाविक होतं! हा उशीर अजूनही अभ्यासाचा विषय आहे. काहींच्या मते भूकंपानंतर समुद्राखालची दरड घसरली. मकरानचा खंदक गाळानं ठासून भरलेला आहे. आत जाणाऱ्या तुकड्यावर जवळपास सात किलोमीटर जाड गाळ आहे, जगातल्या सर्वाधिक जाड थरांपैकी एक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या आणि इतर भारतीय शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये वेगळी बाजू दाखवली: लाटेची बरीच ऊर्जा मकरानच्या उथळ किनारपट्टीवर अडकून पडली, किनारा आणि खोल पाणी यांच्यामधे परतत राहिली, म्हणून उशिरानं आणि दीर्घकाळ पाणी उसळत राहिलं.

लाट मुंबईला पोचली सकाळी सव्वाआठच्या सुमारास. भारतीय हवामान खात्याच्या सी. जी. पेंडसे यांनी या भूकंपावर लिहिलेलं टिपण आजही अभ्यासकांचा आधार आहे. मुंबईत पाणी साधारण साडेसहा फूट, म्हणजे दोन मीटर चढलं. वर्सोवा, जुहू, खारचा दांडा आणि हाजी अली इथून पंधरा माणसं वाहून गेली. दांडा आणि जुहूला नांगरलेल्या होड्या सुटल्या. अपोलो बंदरच्या भरतीमापकावर त्या दिवसाची थरथरती रेघ उमटून राहिली.

दोन मीटर ऐकून मुंबईकर म्हणेल, आमच्याकडे पावसाळ्यात साडेचार मीटरची भरती येते, महापालिका तिचं वेळापत्रक छापते. खरं आहे. पण भरती सहा तासांत चढते, आणि कोळीवाड्यातलं मूलही तिची वेळ सांगू शकतं. त्सुनामीचं पाणी काही मिनिटांत चढतं, तितक्याच जोरानं ओढून घेऊन जातं, आणि पुन्हा येतं. हाजी अलीच्या वाटेवर ओहोटीच्या भरवशानं उतरलेल्या माणसाला ते मागचा रस्ताच ठेवत नाही. गिरडच्या टेकडीवरचा दर्गा मी लहानपणापासून पाहिला. हाजी अलीच्या पाण्यातल्या वाटेवरून पहिल्यांदा चालले तेव्हा मला त्या सकाळची काहीच कल्पना नव्हती. यंदा दांड्याला गेले तेव्हा जाळी नीट करत बसलेल्या पाच-सहा जणांना १९४५ विचारलं. वादळं सांगितली, उधाणं सांगितली, कुणाच्या आजोबांची बुडालेली होडी सांगितली. ही लाट त्यांच्यातल्या कुणाच्याच घरी सांगितली गेली नव्हती. पाकिस्तान आणि ओमानच्या किनाऱ्यांवर त्या दिवसाच्या म्हाताऱ्या साक्षीदारांच्या आठवणी युनेस्कोच्या पुढाकारानं गोळा केल्या गेल्या. आपल्या कोळीवाड्यांतून हे काम व्हायला हवं होतं, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच.

मुंबईला एक निसर्गदत्त आडोसा आहे, तो सांगितलाच पाहिजे. तिच्यापुढे समुद्र फार दूरपर्यंत उथळ आहे. बॉम्बे हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत असूनही तिथे पाणी पाऊणशे मीटरच खोल. तिथून पुढे लाटेला ताशी शंभर किलोमीटरहून कमी वेगानं यावं लागतं, त्यात तिची ताकद बरीच झडते. म्हणूनच बाराशे किलोमीटर यायला तिला जवळपास पाच तास लागले. पाच तास! कुलाब्याला वेधशाळा होती, तारायंत्र होतं. पण यंत्रावर दिसलेला हादरा आणि वर्सोव्याच्या वाळूवर थांबलेली माणसं यांना जोडणारी व्यवस्थाच जगात कुठे नीट उभी नव्हती.

तळाचं ऐकणं

आज अशी व्यवस्था आहे. हैदराबादच्या 'इन्कॉइस' या संस्थेत ऑक्टोबर २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चोवीस तास चालतं. तिथल्या कामाची पद्धत समजून घेताना मला जाणवलं की कानामोरीचा धडा तिच्यात मुरला आहे. भूकंपाच्या मापावर इशारा निघतो, पण त्या मापावरच विसंबून राहत नाहीत. खोल समुद्रात तळाशी दाबमापक ठेवलेले असतात. डोक्यावरचं पाणी काही सेंटिमीटरनं वाढलं तरी दाब बदलतो, आणि वर तरंगणारी बोया ते उपग्रहाकडे पाठवते. किनाऱ्यांवरचे भरतीमापक पुढची खात्री करतात. म्हणजे जमिनीनं काय सांगितलं हे ऐकून मग पाण्यालाही विचारायचं. लांबट, संथ लहरी पहिल्या काही मिनिटांत वाचण्याची पद्धतही आता आहे. तीही कानामोरीच्याच कामातून आलेली.

तरी मकरानबद्दल निश्चिंत होता येत नाही. २४ सप्टेंबर २०१३ ला बलुचिस्तानात भूकंप झाला तो समुद्रापासून आत, जमिनीवर. पण ग्वादरजवळ समुद्रातून चिखलाचं एक बेट वर आलं आणि ओमानच्या किनाऱ्यावर लहानशी त्सुनामी नोंदली गेली. जमिनीवरच्या भूकंपाची लाट समुद्रात कशी आली? तळाचा गाळ कुठेतरी हलला असला पाहिजे. असा चिखल १९४५ मध्येही वर आला होता.

आणि पसनीला किंवा मेंतावाईसारख्या जागी, जिथे लाट दहा-वीस मिनिटांत पोचते, तिथे हैदराबाद काय किंवा तोक्यो काय, यंत्राच्या आधी माणसालाच कळलं पाहिजे. सान्रिकूच्या सणातल्या, मेंतावाईच्या रात्रीतल्या माणसांना एक खूण मिळाली होती. हादरा सौम्य होता, पण तो संपत नव्हता. ओली फांदी फाटायला वेळ लागतो, आणि तो वेळ लपत नाही.

परतताना काकांनी वावरातल्या बोअरवर पाय धुवायला थांबवलं. नखांत अडकलेली माती काडीनं काढावी लागली.

"तिथली माती कधी वाळत नसंल," ते म्हणाले.

"नाही. तिथे उन्हाळाच येत नाही."

"मंग त्या किनाऱ्यावरच्या लोकायले कसं कळावं? हलली तर थोडीच."

मी सांगितलं, किती जोरानं हलली हे पाहायचं नाही, किती वेळ हलली ते मोजायचं. हळू का असेना, मिनिटभर हलत राहिली तर लेकरं उचलायची आणि उंचावर जायचं, कुणाची वाट पाहायची नाही.

"मिनिटभर?"

ते बोअरच्या चौथऱ्यावर उभे राहिले, डोळे मिटले आणि मोजायला लागले. पाणी वाहत होतं. पऱ्हाटीवरून वारा आला, एक पाखरू धुऱ्यावरून उडालं, दूर रस्त्यावर ट्रॅक्टर जवळ येऊन लांब निघून गेला. काकांचे ओठ हलतच होते. साठ झाल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"लय वेळ असते जी ताई," ते म्हणाले.